मान्यता की मेहेरबानी?

इटली म्हटले की आपल्या कॅथलिक मनासमोर प्रथम उभे राहते ते रोम, तेथील महामंदिरे आणि संतांच्या समाध्या. त्या देशाच्या राज्यकारभाराकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज मात्र मी वाचकांना त्या देशाच्या राज्यघटनेतील एका साध्या क्रियापदाकडे घेऊन जाणार आहे. १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आलेल्या या घटनेच्या पाचव्या कलमात स्थानिक स्वायत्ततेविषयी जे म्हटले आहे, त्याचा आशय असा की, प्रजासत्ताक तिला मान्यता देते आणि तिचे संवर्धन करते. 'निर्माण करते' असे घटना म्हणत नाही. 'बहाल करते' असेही म्हणत नाही. मान्यता त्यालाच देता येते, जे आपल्याआधी अस्तित्वात होते. हेच क्रियापद त्या घटनेने आणखी दोन मोक्याच्या ठिकाणी वापरले आहे. दुसऱ्या कलमात माणसाच्या अलंघ्य हक्कांविषयी बोलताना, आणि एकोणतिसाव्या कलमात कुटुंबाच्या हक्कांविषयी बोलताना. माणूस, कुटुंब आणि गाव या तिघांना घटनाकारांनी एकाच ओळीत बसवले. हा केवळ शब्दांचा खेळ आहे, की त्यामागे एखादे नैतिक सत्य दडलेले आहे? शासनाने आपल्या गावाविषयी घेतलेला निर्णय आपल्याला अन्यायाचा वाटतो, तेव्हा 'गाव हे कोणाचे देणे?' हाच प्रश्न मुळाशी असतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम त्या देशाची रचना समजून घ्यावी. इटलीत वीस प्रदेश आहेत. प्रदेशांच्या पोटात शंभरांहून अधिक प्रांत (हे प्रांत म्हणजे साधारण आपले जिल्हे). आणि सर्वांत खाली 'कोमूने' नावाच्या स्थानिक संस्था. आपल्याकडे ग्रामपंचायत वेगळी, नगरपरिषद वेगळी, महानगरपालिका वेगळी. तिकडे तसे नाही. पंचवीस लाखांहून अधिक वस्तीचे रोम हीही कोमूने, आणि लेक्को प्रांतातील डोंगरात वसलेले, जेमतेम तीसेक रहिवाशांचे मोर्तेरोने हीही कोमूनेच. दोन्हीकडे लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष असतो, त्याला 'सिंदाको' म्हणतात. समारंभप्रसंगी तो तिरंगी पट्टा परिधान करतो आणि नागरी विवाह लावण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. अशा कोमूने सुमारे ७,९०० आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ सत्तर टक्के पाच हजारांहून कमी वस्तीच्या आहेत. इटालियन भाषेत आपापल्या गावाच्या अभिमानाला एक गोड शब्द आहे, 'काम्पानिलिझ्मो', म्हणजे आपल्या चर्चच्या घंटाघरावरचे प्रेम. आपलेच घंटाघर उंच, शेजारच्या गावाचे ठेंगणे. आपल्या धर्मग्रामांच्या सणांत आणि क्रिकेटच्या सामन्यांत हे प्रेम पुरेपूर पाहिलेल्या वाचकांना त्याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

मान्यतेचा हा शब्द इटलीला सहजासहजी सापडलेला नाही. १८६१ मध्ये राष्ट्र एक झाले. १८६५ च्या कायद्याने फ्रेंच धर्तीवर प्रत्येक प्रांतावर राजधानीतून एक 'प्रिफेक्ट' नेमला जाऊ लागला आणि गावचा सिंदाकोही राजाज्ञेनेच नेमला जाई. मोठ्या गावांना आपला सिंदाको निवडण्याचा हक्क १८८८ च्या सुधारणेने मिळाला, आणि सर्व गावांना तो १८९६ मध्ये.

याच काळात कॅथलिकांची स्थिती मोठी विलक्षण होती. १८७० मध्ये रोम पोपमहोदयांच्या हातून गेले. त्यानंतर कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घेऊ नये, अशी ख्रिस्तसभेची आज्ञा होती. ती हळूहळू सैल होत गेली व १९१९ मध्ये पूर्णपणे उठली. परंतु गावच्या व प्रांताच्या निवडणुकांना ही बंदी कधीच नव्हती! जवळजवळ दोन पिढ्या इटलीतील श्रद्धावंत राष्ट्राच्या संसदेबाहेर उभा होता, पण गावाच्या सभागृहात मात्र तो बसत होता. पाणी, रस्ते, शाळा, बाजार यांवर वाद घालत होता. नागरिकत्वाची त्याची पहिली शाळा म्हणजे त्याची कोमूने.

त्या शाळेतील सर्वांत थोर विद्यार्थी म्हणजे एक धर्मगुरू, फादर लुईजी स्तुर्झो. सिसिलीतील काल्ताजिरोने हे मातीच्या नक्षीदार भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले त्यांचे गाव. तेथे १९०५ ते १९२० अशी पंधरा वर्षे त्यांनी उपनगराध्यक्ष म्हणून गावचा कारभार प्रत्यक्ष चालवला. शेतकऱ्यांसाठी पतपेढी आणि सहकारी संस्था उभारणारा हा माणूस देशभरातील कोमूनेंच्या संघटनेतही अग्रभागी होता. गाव हा सरकारचा हस्तक नाही, त्याला स्वतःचे जीवन आहे, हे त्यांचे आयुष्यभराचे प्रतिपादन. १९१९ मध्ये त्यांनी 'पार्तितो पोपोलारे' या पक्षाची स्थापना केली, आणि त्या पक्षाने स्थानिक स्वायत्तता व विकेंद्रीकरण ही आपली प्रमुख मागणी केली. पुढे मुसोलिनीचा उदय झाला. १९२३ मध्ये व्हॅटिकनकडून आलेल्या सूचनेनुसार फादर स्तुर्झो पक्षाच्या सचिवपदावरून दूर झाले. १९२४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि ते परतले १९४६ मध्ये. या प्रकरणातील व्हॅटिकनचे धोरण मला आजही सुखावत नाही. पण आज्ञा पाळूनही त्यांनी आपले मत बदलले नाही, याचे मोल मोठे आहे.

त्यांच्या मागे काय घडले? १९२६ मध्ये इटलीतील सर्व निवडून आलेली ग्राममंडळे रद्द करण्यात आली. सिंदाकोच्या जागी 'पोदेस्ता' नावाचा सरकारनियुक्त अधिकारी आला. पुढच्या काही वर्षांत हजाराहून अधिक कोमूने शेजारच्या कोमूनेत विलीन करण्यात आल्या. जानेवारी १९२७ मध्ये सतरा नवे प्रांत एका फटक्यात निर्माण झाले आणि त्याच वर्षी काझेर्ताचा जुना प्रांत नकाशावरून पुसला गेला. तो पुन्हा उभा राहिला १९४५ मध्ये. ज्या राजवटीला लोकांना विचारायचे नसते तिला नकाशा बदलणे किती सोपे जाते पाहा!

अशा इटलीत, मे १९३१ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्या वर्षी देशातील एकाही कोमूनेत लोकनियुक्त सिंदाको नव्हता. विश्वपत्राचा मुख्य विषय कामगार आणि मालमत्ता हा आहे. परंतु त्यातील एका परिच्छेदात जो सिद्धांत मांडला आहे, तो पुढे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीचा आधारस्तंभ ठरला. त्याचा आशय असा : व्यक्ती स्वतःच्या बळावर जे करू शकते ते तिच्याकडून काढून समाजाकडे देणे जसे अयोग्य, तसेच लहान समुदाय जे करू शकतो ते त्याच्याकडून हिरावून मोठ्याकडे सोपवणे हाही अन्याय आहे. यास साहाय्यतेचे तत्त्व म्हणता येईल. कारण त्याचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच साहाय्य असा आहे. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, त्याला गिळू नये. ध्यानात घ्यावे की पोपमहोदयांनी येथे 'अकार्यक्षमता' हा शब्द योजलेला नाही. लहानाचे काम हिरावणे ही गैरसोय नव्हे, ते पाप आहे, अशा गंभीर स्वरात ते बोलत आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादा कायदेपंडित म्हणेल, 'हे सारे ठीक. पण कोमूने असो, नगरपालिका असो वा पंचायत असो, तिला जन्म कायद्यानेच दिला ना? सीमा सरकारने आखल्या, शिक्का सरकारने दिला, कर बसवण्याचा अधिकार सरकारने दिला. ज्याने दिले तो परत घेऊ शकत नाही काय?' हा युक्तिवाद वजनदार आहे आणि अनेक देशांच्या न्यायालयांनी तो उचलून धरला आहे. परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत होते असे मला वाटते. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत बालकाच्या बाप्तिस्म्याची नोंद होते. ती नोंद महत्त्वाची आहे. तिच्यावाचून पुढे विवाहाला अडचण येते. परंतु नोंदवहीने बालकाला जन्म दिला असे कोणी म्हणत नाही. सरकार गावाला सीमा देते, नाव नोंदवते, शिक्का देते. पण एका विहिरीचे पाणी पिणे, एका स्मशानभूमीत पूर्वजांना निरोप देणे, शेजाऱ्याच्या घरी मयत झाली की स्वतःची चूल विझवून धावणे, हे कोणत्या राजपत्रात प्रसिद्ध झाले? आणि क्षणभर धरून चालू की, सरकारच जन्मदाते आहे. तरीही, जन्मदात्याला अपत्याचा जीव घेण्याचा हक्क असतो, असे कोणत्या नीतिशास्त्रात लिहिले आहे?

फ्लॉरेन्स शहराचे नगराध्यक्ष जॉर्जो ला पीरा यांनी हाच मुद्दा आणखी पुढे नेला. हे गृहस्थ कायद्याचे प्राध्यापक, घटनासमितीचे सदस्य आणि अत्यंत साधे जीवन जगणारे प्रापंचिक. सॅन मार्को मठातील एका खोलीत ते कित्येक वर्षे राहिले. बेघरांसाठी त्यांनी शहरातील रिकामी घरे ताब्यात घेतली, म्हणून धनिकांचा रोषही ओढवून घेतला. २०१८ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. अणुबॉम्बच्या भीतीने जग ग्रासलेले असताना १९५४ मध्ये जिनिव्हा येथे त्यांनी मांडले की, शहरे ही राज्यसंस्थेची मालमत्ता नाहीत. ती मागच्या पिढ्यांकडून आलेली आणि पुढच्या पिढ्यांना द्यावयाची ठेव आहे. म्हणून त्यांचा नाश करण्याचा हक्क कोणत्याही राज्याला नाही. शहर ही ठेव मानली की बॉम्बचा प्रश्न आणि विलीनीकरणाचा प्रश्न एकाच जातीचे ठरतात. फरक केवळ तीव्रतेचा.

तथापि लहान ते पवित्र आणि मोठे ते पापी, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. लहान गावात जुलूमही लहानसा राहत नाही. तो घरापर्यंत पोचतो. दक्षिण इटलीतील कित्येक कोमूने माफियांच्या मुठीत गेल्या. ठेके त्यांचे, नोकऱ्या त्यांच्या, आणि मतदान त्यांच्या धाकाने. १९९१ मध्ये कॅलाब्रियातील तावरियानोवा येथे रक्तपात झाला आणि त्यानंतर सरकारने असा कायदा केला की, माफियांचा शिरकाव सिद्ध झालेले स्थानिक मंडळ राष्ट्रीय शासनाला विसर्जित करता येईल. तेव्हापासून अशी तीनशेहून अधिक विसर्जने झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तर रेज्जो कॅलाब्रियासारखे प्रांताचे मुख्य शहरही त्यातून सुटले नाही. येथे वरच्याने हात घातला नसता तर तो साहाय्यतेच्या तत्त्वाचाच भंग ठरला असता. कारण बुडणाऱ्याला स्वायत्ततेचे व्याख्यान देणे म्हणजे साहाय्य नव्हे. परंतु या कायद्यातील एक बारकावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. विसर्जनानंतर कारभार पाहणाऱ्या आयुक्तांची मुदत बारा ते अठरा महिन्यांची, फार तर चोवीस महिन्यांपर्यंत वाढवता येणारी. त्यानंतर निवडणूक. पोदेस्ता आणि हे आयुक्त दोघेही वरून आलेले. पण एक राहायला आलेला आणि दुसरा निघून जाण्यासाठी आलेला. घरात शिरलेल्या दोघा परक्यांपैकी डॉक्टर कोणता आणि घरबळकाव्या कोणता, हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला तरी ठाऊक नाही.

आणि विलीनीकरणाचे काय? घटनेचे १३३ वे कलम प्रदेशांना नव्या कोमूने स्थापण्याचा व सीमा बदलण्याचा अधिकार देते, मात्र संबंधित लोकवस्तीचे म्हणणे ऐकून घेऊन. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. लोकांचा कौल सल्ल्यापुरताच असतो. बोलोन्याजवळच्या पाच कोमूने एकत्र येऊन १ जानेवारी २०१४ पासून वाल्सामोज्जा ही नवी कोमूने झाली. त्याआधी २०१२ मध्ये लोकांचा कौल घेतला होता. एकूण बहुमत निसटते होते आणि पाचही गावे एकमताची नव्हती. तरीही विलीनीकरण झाले. विरोधात मत देणाऱ्या गावकऱ्यावर अन्याय झाला काय? माझे मत असे की त्याचे दुःख खरे आहे, पण त्याचा अपमान झालेला नाही. प्रश्न त्याला विचारला गेला, त्याचे उत्तर मोजले गेले आणि सर्वांसमोर जाहीर झाले. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही धर्मग्रामाची स्थापना वा विसर्जन करण्याआधी बिशपांनी धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे बंधन आहे. प्रापंचिकांचे म्हणणे ऐकण्याचे तसे बंधन मात्र त्या कलमात नाही. हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो.

प्रांतांची कथा याहून चमत्कारिक. २००१ च्या घटनादुरुस्तीने प्रजासत्ताकाच्या घटकांचा क्रम नव्याने लिहिला. पूर्वी तो वरून खाली होता. आता कोमूने प्रथम आणि राज्यसंस्था सर्वांत शेवटी. साहाय्यतेचे तत्त्वही त्याच वेळी नावानिशी घटनेत आले. पुढे काटकसरीच्या लाटेत २०१४ च्या कायद्याने प्रांतांच्या मंडळांची थेट निवडणूक बंद केली आणि नगराध्यक्ष व नगरसेवकांनीच ती मंडळे निवडावीत असे ठरले. प्रांत घटनेतूनच वगळण्याचा समावेश असलेली दुरुस्ती ४ डिसेंबर २०१६ च्या सार्वमतात जनतेने फेटाळली, त्यामुळे प्रांत वाचले. पण त्या कायद्याने बंद केलेली लोकांची थेट मते काही त्या सार्वमताने परत आणली नाहीत. प्रांतिक रस्ते आणि माध्यमिक विद्यालयांच्या इमारती सांभाळणारी ही संस्था जिवंत ठेवली गेली, आवाज मात्र काढून घेतला गेला.

हे वाचताना आपल्याकडची आठवण होणे अपरिहार्य आहे. मान्यता आणि निर्मिती यांतील फरक आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. गोव्यातील गावकऱ्या पोर्तुगिजांच्या आधीपासूनच्या. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया यांनी त्यांच्या रूढी लेखी सनदेत नमूद केल्या. परक्या सत्तेने का होईना, पण होते ते होते असे लिहून ठेवले. स्वतंत्र भारतात १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. मुदत पाच वर्षांची. नगरपालिकांना विसर्जनापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी. आणि विसर्जन झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक. कागदावर आपली तरतूद इटलीहूनही कडक आहे. तरीही मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले न्यायालयात होते, हे खरे. परंतु माफियांच्या तावडीतून सोडवलेल्या कॅलाब्रियातील कोमूनेला जो काळ फार तर दोन वर्षे सोसावा लागतो, तो आपल्या शहरांनी कोणत्या अपराधाबद्दल त्याच्या दुपटीने सोसला? कोणताही आरोप नव्हता. नागरिकांनी करही नित्याप्रमाणे भरले.

वसईची आणखी एक जखम आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून तेथील महानगरपालिका स्थापन झाली. गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरवले, आणि मग तो निर्णयही न्यायालयात गेला. बागायती, विहिरी, बावखले आणि गावकीचे जीवन राखू पाहणाऱ्यांना 'विकासविरोधी' म्हणून हिणवले गेले. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे होते, आणि ते सारेच चुकीचे नव्हते : सांडपाणी, कचरा, पुराचे पाणी हे गावाची वेस पाहून थांबत नाहीत, त्यांना मोठीच यंत्रणा लागते. गावे आत असावीत की बाहेर, याविषयी सुज्ञ माणसांत मतभेद असू शकतो. माझा आग्रह त्याच्या आधीच्या पायरीविषयी आहे. सीमा बदलण्यापूर्वी हरकती व सूचना मागवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. गावकरी अर्ज लिहितो, पोच घेतो, सुनावणीच्या दिवशी एका दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात जातो. त्याच्या हरकतीचे पुढे काय झाले, ती कोणत्या कारणास्तव मान्य वा अमान्य झाली, याचे लेखी उत्तर त्याच्या नावाने त्याच्या घरी यावे, एवढे तरी बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. मग त्या उत्तराशी तो सहमत होवो अथवा न होवो.